गोल्फ कार्टची बॅटरी: पाण्याची लेड-ॲसिड की लिथियम?

मराठवाड्यातील रिसॉर्ट, मोठी मंगल कार्यालये किंवा रुग्णालयांच्या आवारात गोल्फ कार्ट चालवणाऱ्यांनी बॅटरी निवडताना किमतीइतकाच इथल्या उन्हाळ्याचा आणि पाण्याचा विचार करायला हवा.

लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त पडते, पण तिची निगा रोजची असते. ती निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये आणि गाडी उभी केल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावावी, कारण उतरलेल्या अवस्थेत राहिल्यास प्लेटांवर सल्फेट साचून क्षमता कायमची घटते. परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर गेला की पाणी झपाट्याने आटते; अशा वेळी झाकणे उघडून प्लेटा बुडालेल्या आहेत ना हे पाहावे; उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि बाकीचे चार्जिंग पूर्ण झाल्यावरच भरावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी घालणे म्हणजे बॅटरी हातानेच मारणे होय, आणि नेमके तेच सर्रास घडते, याचे वाईट वाटते. चार्जिंग करताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी आणि तिथे बिडी-काडी पेटवू नये.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत पाण्याचा प्रश्नच नाही, आणि ती अर्धवट चार्ज केली तरी बिघडत नाही. भारनियमनात दोन-तीन तास वीज मिळाली तरी तेवढ्यात काम भागते. मात्र तिला तिचाच चार्जर लागतो आणि उन्हाची झळ तिलाही सोसत नाही. रोज गाडी पळणार असेल, तर माझे मत लिथियमच्या बाजूने आहे.