जुन्या बाजारातलं 600 रुपयांचं एचएमटी पायलट घड्याळ: बरेच महिने रोज घातल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलं होतं, आता थंडी संपत आली तरी रोज हातात हेच असतं, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही, नवीन नवीन असताना सगळंच भारी वाटतं.

त्या दिवशी एकाच दुकानदाराकडे दोन पायलट होती. एक एकदम चकाचक, काळंभोर डायल, हिरवं रेडियम, किंमत 1500. दुसरं मळकं, काचेतून नीट दिसतही नव्हतं, पट्टा नाही, चावी दिली की थोडं चालून थांबायचं. मी मळकं उचललं. दुकानदार म्हणाला, "दादा, ते चांगलं घ्या ना, हे कशाला?" पण भिंगातून बघितल्यावर माझं ठरलंच होतं. मळक्या घड्याळाच्या आकड्यांवरचं रेडियम पिवळट पडलेलं आणि काट्यांमधलंही अगदी तसंच पिवळट, म्हणजे दोन्ही बरोबरच जुनं झालंय. अक्षरं बारीक आणि कडा स्वच्छ. चकाचक वाल्यात अक्षरं जाड, पसरलेली, 17 ज्वेल्सची (मशीनमधल्या खड्यांची संख्या सांगणारी) ओळ किंचित तिरकी आणि मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या मध्यावर येतच नव्हत्या. म्हणजे रिडायल, डायल घासून परत रंगवलेलं. असल्या घड्याळांना बाहेरच्या देशातले कलेक्टर 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ऑनलाइन ढिगाने मिळतात, कंपनीने कधी काढलेच नाहीत असे रंगसुद्धा.

माझं मत स्पष्ट आहे, जुन्या एचएमटीत स्वस्तात लॉटरी लागली असं कधी म्हणायचं, तर डायल ओरिजिनल असेल तेव्हाच. बंद आहे की चालू, काच फुटलीय का, पट्टा आहे का, यावर भाव पडतो आणि नेमक्या याच गोष्टी नंतर सहज होतात. डायल एकदा घासलं की संपलं, ते कुठलाही कारागीर परत आणू शकत नाही.

मशीनची काळजी का नाही ते सांगतो. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर करार करून बेंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पायलटमध्ये जे चावीचं 0231 मशीन आहे तेच एचएमटीच्याच जनता या मॉडेलमध्येही आहे. जनता किती खपलं ते सांगायला नको, प्रत्येक दुसऱ्या घरात कुणाच्या तरी लग्नातलं किंवा नोकरी लागल्यावर घेतलेलं एक असायचंच. त्यामुळे मेलेलं जनता शे-दोनशेत उचलायचं आणि त्याचे पार्ट काढायचे. माझ्या पायलटचा बॅलन्स, म्हणजे मागेपुढे फिरून वेळ सांभाळणारं चाक, खराब निघाला, घड्याळजी काकांनी अशाच एका जनताचा काढून बसवला, पूर्ण खोलून धुतलं, ऑइलिंग केलं, नवीन काच टाकली, सगळे मिळून 900 रुपये घेतले. केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीला, पॉलिश मारू नका आणि डायलला हातसुद्धा लावू नका हे मी आधीच दोनदा सांगून ठेवलं होतं, हे सांगावंच लागतं कारण बऱ्याच ठिकाणी न विचारता चकाकी आणून देतात.

आता वापराचं. सकाळी चहा ठेवला की चावी द्यायची, हळूहळू, घट्ट लागलं की थांबायचं. फुल चावीत दीड दिवस आरामात निघतो. मशीन तासाला 18000 ठोक्यांचं म्हणजे सेकंदाला पाच, रात्री उशाशी ठेवलं तर स्पष्ट ऐकू येतं आणि मला तो आवाज मनापासून आवडतो. दिवसाला साधारण 15-20 सेकंद पुढे जातं, रात्री डायल वर करून ठेवलं तर थोडं कमी. दर रविवारी मिळवून घेतो, एवढ्यात काही अडत नाही. मध्येच एकदा तासाला दोन-तीन मिनिटं पळायला लागलं, मला वाटलं हेअरस्प्रिंग (बॅलन्सची बारीक स्प्रिंग) गेली, पण काका म्हणाले मॅग्नेट लागलंय, मोबाईलच्या कव्हरात चुंबक होतं त्याच्याजवळ रात्रभर राहिलेलं. काकांनी चुंबकत्व काढायच्या यंत्रावरून एकदा फिरवलं आणि लगेच ठीक झालं. असं अचानक पळणारं घड्याळ बाजारात दिसलं तर अजिबात सोडू नका, भाव पाडून मिळतं.

पावसाळ्यात मात्र जपायलाच लागतं. पाण्याचं हे घड्याळ नाहीच. जुलैत काचेला आतून वाफ धरली, तेव्हापासून जोराचा पाऊस असला की घरी ठेवतो. काच ॲक्रिलिकची त्यामुळे चरे लगेच पडतात, पण टूथपेस्ट लावून कापडाने घासलं की निघतात. साइज 35 मिमीच्या आसपास, आजच्या घड्याळांच्या मानाने लहान, मला तर हाच बरोबर वाटतो, शर्टाच्या बाहीखाली नीट बसतं.

एचएमटीच्या घड्याळ कारखान्यांवर 2016 मध्ये सरकारने शिक्कामोर्तब करून पडदा टाकला आणि तेव्हापासून भाव चढलेत, कांचन आणि चांगली सोना ही एचएमटीची मॉडेलं तर स्वस्तात मिळणं अवघड झालंय. फाव्हर-ल्युबाचंही तसंच, ही स्विस कंपनी 1865 पासून भारतात विकत होती त्यामुळे जुन्या कपाटांत अजून तिची सी किंग, सी चीफ ही मॉडेलं निघतात, पण बाजारात पोचेपर्यंत बहुतेकांचं डायल रंगवलेलं असतं. म्हणून मी आता बाजारापेक्षा नातेवाईकांना विचारतो, आजोबांचं बंद पडलेलं काही आहे का. परवाच मावशीकडे एक जनता निघालं, डायलवर 'जनता' देवनागरीत, मागचं झाकण बहुतेक कधी उघडलेलंच नाही. मावशीने विकायला नकार दिला आणि बरंच केलं, पुढच्या आठवड्यात काकांकडे सर्व्हिसिंगला टाकून तिलाच घालायला देणार आहे.