व्हीलचेअरवरून रोज पुणे मेट्रो: काही महिन्यांचा अनुभव

पोलिओमुळे मी व्हीलचेअर वापरतो. आनंदनगरहून कल्याणीनगरच्या ऑफिसला बरीच वर्षं हँड कंट्रोल बसवलेल्या कारने जात होतो. गेले काही महिने मेट्रोने जातोय, आणि रोजच्यासाठी आता कार काढायची इच्छा होत नाही.

ट्रॅफिक हे त्याचं मुख्य कारण नाही. कारमध्ये बसायचं म्हणजे आधी सीटवर सरकायचं, खुर्चीची चाकं काढून मागे टाकायची, मग फ्रेम अंगावरून ओढून शेजारच्या सीटवर घ्यायची. पोचलं की हेच सगळं उलट, आणि संध्याकाळी परत तेच. त्यात कर्वे रोडला एक हात कायम ब्रेकच्या दांड्यावर. घरी येईपर्यंत खांदे भरून यायचे. आमचे पाय म्हणजे खांदेच, ते गेले की सगळंच अडलं. मेट्रोने गेलं तर घरापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत खुर्चीतून उठावंच लागत नाही.

लिफ्टने वर, रुंद गेटमधून आत, परत लिफ्ट आणि फलाट. डबा आणि फलाट यांच्यात थोडी फट असते. पुढची छोटी चाकं तिरकी पडली तर तिथे अडकू शकतात, म्हणून दार उघडायच्या आधीच खुर्ची दारासमोर सरळ लावतो आणि एका दमात आत जातो. आत खुर्चीसाठी जागा राखलेली आहे. गर्दीत तिथे लोक उभे असतात, पण ‘दादा, जरा जागा द्या’ म्हटलं की सरकतात. आणि डेक्कनजवळची मुठा मी आत्ता कुठे नीट बघतोय. कार चालवताना नजर रस्त्यावरून हलायची नाही.

तिकीट 10 ते 35 रुपये. पिंपरीकडे जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलावी लागते. तिथे माझ्या रोजच्या मार्गाची ॲक्वा लाइन वर पुलावर आणि पिंपरीकडे जाणारी पर्पल लाइन जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. आपला सगळा प्रवास लिफ्टने, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा.

खरी कसरत स्टेशनच्या बाहेर. फुटपाथच्या उताराच्या तोंडाशी कुणीतरी दुचाकी लावून गेलेलं असतं. दुचाकी वर चढू नयेत म्हणून रोवलेले खांब काही ठिकाणी इतके जवळ आहेत की खुर्चीही जात नाही. मग धावत्या गाड्यांच्या कडेने रस्त्यावरूनच जायचं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, निकष नुसते शिफारशीपुरते ठेवू नका, बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं. तरी मी स्टेशनपासून शंभर पावलांवर अडकतो, याचा मला मनापासून राग येतो. उतारावर गाडी लावणाऱ्यांनो, मागून कोण येणार आहे याचा क्षणभर विचार करा.

मुसळधार पावसात मात्र अजून कारच काढतो.

पहिल्यांदा जाणार असाल तर रविवारी सकाळी लवकर, सोबत कुणाला तरी घेऊन जा. शनिवार-रविवारी तिकिटात 30 टक्के सवलतही आहे. लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते निघण्याआधीच विचारून घ्या, म्हणजे भर चौकात रस्ता ओलांडायची वेळ येणार नाही.