समुपदेशकाची खुर्ची सोडून हेल्थ टेकमध्ये : पुण्यातल्या एका कोर्सचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी 11 वर्षं आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राची, समुपदेशक होते. एचआयव्हीच्या तपासणीआधी माणसाशी बोलायचं आणि नंतर रिपोर्ट हातात देताना पुन्हा बोलायचं, हे माझं काम. नोकरी कंत्राटी, मुलगी दहावीला आलेली. म्हणून गेल्या वर्षी पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा आरोग्य संवाद आणि डिजिटल हेल्थ असा सहा महिन्यांचा कोर्स केला. शनिवार-रविवार ऑनलाइन वर्ग, शिवाय दोनदा पुण्याला दोन-दोन दिवस जायचं. फी 42,000 रुपये, तीन हप्त्यांत. आता मी एका आरोग्य ॲपच्या कंपनीत मराठी मजकुराचं काम बघते. ओळखीच्या एएनएम (नर्स), आहारतज्ज्ञ, समुपदेशक मैत्रिणी सारख्या विचारतात, "ताई, करू का गं?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

या कोर्सचे पैसे वसूल झाले ते पुण्यातल्या पहिल्या शनिवारी. मॅडमनी पडद्यावर औषधाची आठवण करून देणारा एक मेसेज लावला. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या न्यायची तारीख, सेंटरचं नाव, सगळं त्यात व्यवस्थित होतं. त्यांनी विचारलं, यात काय चुकलंय? कोणी म्हणालं अक्षर बारीक आहे, कोणी म्हणालं बटणाचा रंग बदला. मी म्हटलं, "मॅडम, हा फोन कोणाचा आहे?"

आमच्याकडे कितीतरी बायका नंबर द्यायच्या तो दिराचा किंवा मुलाचा असायचा. त्यामुळे नंबर लिहून घेताना आम्ही आधी विचारायचो, या नंबरवर फोन केला तर उचलणार कोण? मग वहीत नंबरापुढे पेन्सिलीनं लिहायचं : 'फक्त दुपारी', 'मावशी म्हणून सांगणे', 'फोन करू नये, पुढच्या वारी येणार'. तो मेसेज तसाच गेला असता तर संध्याकाळी जेवायला बसलेल्या अख्ख्या घरानं वाचला असता. एचआयव्हीचा 2017 चा कायदा सांगतो, की काही अपवाद सोडले तर माणसाच्या संमतीवाचून त्याची ही माहिती कुणाला कळता कामा नये. वर्गात हा कायदा एका स्लाइडवर येऊन गेला होता. त्या दुपारी वर्गातली दोन इंजिनिअर मुलं माझ्याशेजारी बसली आणि आम्ही पेन्सिलीच्या त्या नोंदींवरून ॲपचे स्क्रीन केले. पहिलाच प्रश्न : 'हा फोन तुम्ही एकट्याच वापरता का?' मग मेसेज कोणत्या वेळी यावा, ते निवडायची सोय. मेसेजमध्ये आजाराचं नाव नाही, सेंटरचं नाव नाही. आपली वही कोणाच्या उपयोगी पडेल, असं 11 वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

99डॉट्सवरचा वर्गही चांगला झाला. टीबीच्या गोळीचं पाकीट फोडलं की आत दडलेला नंबर दिसतो, त्यावर फुकट फोन लावायचा, म्हणजे गोळी काढल्याची नोंद होते. इतरांना ते नवीन होतं. मी एवढंच सांगितलं, की फोन आला म्हणजे गोळी पाकिटातून निघाली हे कळतं, ती पोटात गेली का हे विचारायला माणूस लागतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन, 14 आकडी आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा), रुग्णाचे कागद त्याच्या संमतीनंच एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे कसे जातात, हेही नीट समजावलं. नोकरीत रोज लागतं ते.

आता राग आला ती गोष्ट. मराठीचा भाग अगदी वाईट. नोट्स सगळ्या इंग्रजीत, आणि सरावासाठी दिलेला मराठी मजकूर मशीनकडून करून घेतलेला. त्यात वाक्य होतं : 'आपला नमुना प्रतिक्रियाशील नाही.' म्हणायचं होतं, लागण दिसली नाही; पण हे वाचून कोण घरी निर्धास्त जाईल? आमच्याकडे एक ट्रकड्रायव्हर आला होता. रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, "म्हणजे चांगलंच की!" त्या दिवसापासून मी तो शब्द एकटा कधी वापरला नाही. आधी पाणी द्यायचं, बसू द्यायचं, मग 'तपासणीत एचआयव्हीची लागण दिसते आहे आणि त्यावर औषध आहे' हे एका दमात सांगायचं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात असाव्या लागतात, कारण त्यानंतरचं माणसाला ऐकू येत नाही. असं काही शिकवणारं त्या कोर्समध्ये कोणी नव्हतं. मी दोनदा लेखी कळवलं. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच नोट्स आल्या.

नोकरी मिळवून देण्याचं म्हणाल तर कंपन्यांची एक यादी आणि बायोडेटाचा नमुना, बस्स. यादीतल्या सात ठिकाणी अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. नोकरी लागली ती पुण्यातल्या त्या स्क्रीनमुळे. मुलाखतीत मला सांगितलं, सातवी शिकलेल्या माणसाला विंडो पीरियड चार ओळींत समजवा. मी लिहिलं : 'लागण झाल्या झाल्या ती तपासणीत दिसेलच असं नाही. धोका घडून तीन महिने झाले नसतील, तर आज रिपोर्ट चांगला आला तरी तीन महिने झाल्यावर पुन्हा तपासणी करा. तोपर्यंत निरोध वापरा.' समोरच्या बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, कधीपासून येताय?

इथे आल्यावर एका गोष्टीची फार ओढ लागते, समोरच्या चेहऱ्याची. कोणत्या पानावरून किती लोक परत फिरले ते मला आकड्यात दिसतं, पण का फिरले ते दिसत नाही. म्हणून महिन्यातून एक दिवस ओपीडीत जाऊन बसायची परवानगी मी कंपनीकडून मागून घेतली आहे.

पाच-सात वर्षं रुग्णांशी बोलण्यात गेली असतील तर हा कोर्स जरूर करा. वर्गात सगळ्यात जास्त बोलण्यासारखं तुमच्याकडेच असेल. कॉलेजमधून थेट येणाऱ्यांनी आधी एखाद्या दवाखान्यात सहा महिने काढावेत असं माझं मत आहे. आणि पहिला हप्ता भरण्याआधी मराठीचे वर्ग कोण घेणार, ते नाव संस्थेकडून लेखी मागून घ्या.