एक्झॉस्ट फॅनला एसटीसी-१००० थर्मोस्टॅट लावायचा असेल तर

पोटमाळ्यावरचा एक्झॉस्ट फॅन तापमान बघून आपोआप चालू-बंद व्हावा म्हणून एसटीसी-१००० लावलाय, त्या कामाला एकदम चोख आहे, पण नुसता तोच घेऊन थांबू नका, सोबत मध्ये ऑफ असलेला तीन पोझिशनचा स्विचपण घ्या, खरी मजा त्यातच आहे.

मागे आठ टर्मिनल. १-२ पॉवर, ३-४ सेन्सर, ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग. फॅन कूलिंगवर लावायचा, हीटिंगवर लावलात तर थंडीत भिरभिरेल आणि उन्हाळ्यात गप्प. आता ७-८ मधून करंट बाहेर येत नाही हां, आत फक्त रिलेचा, म्हणजे आपोआप उघडझाप करणाऱ्या स्विचचा, कॉन्टॅक्ट आहे, लोक फॅनच्या दोन्ही वायरी तिथे खुपसतात आणि मग पीस खराब म्हणून बोंबलतात. पॉवरच्या फेजवरून लूप मारून ७ ला द्यायचा, ८ मधून पुढे स्विचला न्यायचा, न्यूट्रल सरळ फॅनला, अर्थिंग फॅनच्या बॉडीला.

स्विचच्या एका टोकाला ही ८ ची वायर, दुसऱ्या टोकाला डायरेक्ट फेज आणि मधला पॉइंट फॅनला, की झालं ऑटो-ऑफ-मॅन्युअल. साधा स्विच सिरीजमध्ये टाकला तर फॅन फक्त बंद करता येतो, गार दिवशी कुबट वास घालवायला चालवायचा म्हटलं तर नाही, आणि पॅरललमध्ये टाकला तर उलट, चालू होतो पण थर्मोस्टॅटने लावलेला बंद करता येत नाही.

रिले १० अँपिअरचा, साधा एक्झॉस्ट फॅन एक अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे ते टेन्शन नाही. सेटिंगमध्ये मात्र हात घालावा लागतो. फरक, म्हणजे सेट केलेल्या तापमानाच्या किती वर गेल्यावर फॅन चालू व्हायचा ते, मुळात ०.५ डिग्री असतो, मी २ वर ठेवलाय, नाहीतर फॅनचा नुसता खेळ होतो. शिवाय पुन्हा चालू व्हायच्या आधी ३ मिनिटांचा डिले आहे, तो कॉम्प्रेसरसाठी, फॅनला काही उपयोग नाही, पण १ मिनिटाच्या खाली जात नाही. तेवढा वेळ लाइट नुसता लुकलुकतो, घाबरू नका.

न आवडलेलं म्हणजे मागचे टर्मिनल उघडे, बॉक्स वेगळा घ्यावाच लागतो. सेन्सर पत्र्याला चिकटवू नका, हवेत मोकळा लटकवा.

आणि स्विच मध्ये ऑफवर असला तरी थर्मोस्टॅट आणि लूप दोन्हीत करंट असतो, तेव्हा काहीही उघडायच्या आधी एमसीबी पाडा आणि टेस्टर लावून बघा, वायरिंगची सवय नसेल तर सरळ इलेक्ट्रिशियनला बोलवा.