करटोलीचे बियाणे: उगवण चांगली, वाणाची खात्री नाही

पावसाळ्यात खंडेराव मार्केटमधील करटोलीचा भाव ऐकून ती घरीच लावावी असे बडोद्यातील अनेकांना वाटते, म्हणून येथील एका रोपवाटिकेत ‘देशी कंकोडा’ या गुजराती नावाने मिळणाऱ्या करटोलीच्या बियाण्याविषयी लिहीत आहे.

उगवणीबाबत तक्रार नाही. करटोलीच्या काळ्या बियांचे कवच टणक असते आणि ताज्या बिया काही महिने सुप्तावस्थेत राहतात. त्यामुळे काही महिने जुने बी घेऊन, कवचाला हलकी चीर देऊन, रात्रभर पाण्यात भिजवून लावावे. पाकिटावर ही कृती नीट छापलेली आहे, ही गोष्ट विक्रेत्याच्या बाजूने नोंदवायला हवी.

पाकीट गप्प बसते ते पुढच्या प्रश्नावर. करटोलीत नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात, आणि बियांपासून वाढवलेल्या वेलींतील साधारण निम्मे नर निघतात. वास्तविक आठ-दहा माद्यांना एक नर पुरेसा असतो. ओळख मात्र फूल येईपर्यंत पटत नाही: मादी फुलाखाली इवलेसे फळ दिसते, तर नर फुलाच्या देठाला टोपीसारखे छद, म्हणजे फुलालगतचे छोटे पान, असते. तोपर्यंत मांडवाची निम्मी जागा निष्फळ वेलींनी अडवलेली असते.

आणखी गंभीर बाब शुद्धतेची. देशी करटोलीची फुले लहान, पिवळी असून ती संध्याकाळी उमलतात. माझ्या कुंड्यांतील एका मादी वेलीला मात्र मोठी, फिकट फुले आली, त्यांच्या तळाशी गडद डाग होते आणि फळेही पाकिटावरच्या चित्रातल्यापेक्षा ठळकपणे मोठी धरली. ही लक्षणे पूर्व आणि ईशान्य भारतात पिकणाऱ्या, सकाळी उमलणाऱ्या मोठ्या करटोलीची आहेत. पाने मात्र देशी वळणाची होती, त्यामुळे हा दोहोंचा संकर असावा असे मला वाटते. दोन्ही जातींच्या फुलांच्या वेळा जुळत नाहीत, परंतु फळधारणा वाढवण्यासाठी शेतकरी हाताने परागीभवन करतात, आणि त्या वेळी हाताशी असलेल्या नराचे पराग वापरले गेले असल्यास असा संकर सहज होऊ शकतो. देशी करटोलीत २८ आणि मोठीत ५६ गुणसूत्रे असल्याने पहिल्या पिढीच्या संकरात ती ४२ येतात व बी धरण्याची क्षमता फार घटते. माझ्या फळांतील बहुतेक बिया पोचटच निघाल्या. भाजीला चव उत्तम होती, हेही खरे, आणि कोवळ्या फळाला बी नसणे स्वयंपाकघरात कोणालाच खटकले नाही!

हौस म्हणून हे पाकीट घ्यायला हरकत नाही. भाजीसाठी लावायचे असेल, तर मात्र लिंग ठाऊक असलेल्या वेलींचे कंद मागावेत. कंदापासून वाढलेली वेल मूळ वेलीसारखीच असते. हिवाळ्यात वेल वाळली तरी कंद जमिनीत जिवंत राहतो व पुढील पावसाआधी फुटतो, त्यामुळे चढी किंमत एकदाच मोजावी लागते. याच रोपवाटिकेत मे महिन्यात कंद येतात, परंतु नर-मादीच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले कंदच घ्यावेत, ढिगातले नकोत.