घरच्या सौर विजेवर घरातली रोपं: सगळं डीसी, इन्व्हर्टर की ग्रिड?

दिव्याखाली रोपं वाढवायची आणि त्या दिव्याला वीज स्वतः जोडलेल्या पॅनेलवरून द्यायची असं ठरलं, की बहुतेक जण आधी पॅनेल बघायला लागतात. हिशेब मात्र रोपांपासून सुरू करावा लागतो, कारण कोणती जोडणी परवडेल हे रोपांना किती उजेड लागतो त्यावरच ठरतं.

आधी एक आकडेमोड, जिच्यामुळे काहींचा बेतच बदलेल. भर दुपारच्या उन्हात चौरस मीटरवर सेकंदाला साधारण २००० मायक्रोमोल प्रकाश पडतो (रोपांच्या कामाचा प्रकाश मोजायचं हे एकक; दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). तेवढ्याच आकाराचं पॅनेल फार तर २०० वॉट देतं आणि चांगला एलईडी वॉटमागे २.५ मायक्रोमोल. म्हणजे हाती आले ५००. तापमान, धूळ, वायर आणि बॅटरी यांचा वाटा गेला की ३५० ते ४०० उरतात, म्हणजे उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा. ऊन येणारी खिडकी किंवा मोकळी जागा असेल तर रोपं तिथेच ठेवा आणि सौर वीज पंपाला आणि पंख्याला वापरा. ज्यांच्याकडे तशी जागा खरंच नाही, पुढची तुलना त्यांच्यासाठी आहे.

एकच फळी, एकच भार

तिन्ही जोडण्या एकाच मापाने मोजू. ६० × १२० सेंटिमीटरची एक फळी, तिच्यावर लेट्यूससारखी पालेभाजी. तिला दिवसाला चौरस मीटरमागे १४ मोलच्या आसपास प्रकाश लागतो. २५० मायक्रोमोल १६ तास दिले की १४.४ मोल होतात. फळीचं क्षेत्र ०.७२ चौरस मीटर, म्हणजे १८० मायक्रोमोल हवेत. पाचवा हिस्सा फळीबाहेर सांडतो, म्हणून दिव्यातून २२५ निघायला हवेत. त्यासाठी ९० वॉटचा दिवा लागतो.

९० वॉट १६ तास म्हणजे १४४० वॉट-तास. ५ वॉटचा पंखा आणि ५ वॉटचा हवेचा पंप चोवीस तास चालले तर मिळून २४०. एकूण १६८० वॉट-तास. पंखा आणि पंप दोघं मिळून जेवढी वीज खातात, त्याच्या सहापट एकटा दिवा खातो. त्यामुळे दिवा निवडताना नुसते वॉट बघू नका, वॉटमागे किती मायक्रोमोल मिळतात ते बघा. १.६ मायक्रोमोलवाला दिवा घेतला तर याच फळीला १४० वॉट लागतील आणि पॅनेल, बॅटरी सगळंच दीडपट करावं लागेल.

टोमॅटो-मिरचीसारख्या फळं धरणाऱ्या झाडांना २५ मोलच्या आसपास लागतात. त्यांचा खर्च चौरस मीटरमागे रोज साडेतीन युनिटांच्या घरात जातो.

पहिली जोडणी: पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी, सगळं डीसी

दिवसाला साडेचार तास पूर्ण ऊन आणि सगळी गळती धरून ७५ टक्के हाती येतात असं मानलं, तर १६८० ÷ (४.५ × ०.७५) म्हणजे ५०० वॉट. ५५० वॉटचं एक पॅनेल त्यात बसतं. पॅनेल आणि बॅटरी देतात ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज; घरच्या मेन लाइनची असते ती एसी. इथे सगळं डीसीवरच चालत असल्यामुळे विजेचं रूपांतर कमीत कमी वेळा होतं, हा या जोडणीचा मोठा फायदा. शिवाय पाण्याजवळ २४ व्होल्ट असणं हे घरच्या मेन लाइनपेक्षा कितीतरी सुरक्षित.

व्होल्टेज २४ च ठेवा. १२ व्होल्टवर ९० वॉट म्हणजे साडेसात अँपिअर. दिवा पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर दहा मीटर होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये तेवढ्यात पूर्ण एक व्होल्ट पडतो. १२ व्होल्टच्या साध्या एलईडी पट्टीत तीन एलईडींमागे एक रेझिस्टर असतो आणि त्याच्या वाट्याला जेमतेम तीन व्होल्ट येतात. त्यातला एक गेला की करंट आणि उजेड पाव हिश्श्याहून जास्त उतरतो. उलट बाजूनेही तेच होतं. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टवर जाते, त्या वेळी तीच पट्टी दीडपट करंट ओढते, तापते आणि काही महिन्यांत पिवळी पडते. पट्ट्या थेट बॅटरीवर जोडून ‘एलईडी टिकत नाहीत’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा ही असते. दिव्यासाठी डीसीवर चालणारा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर घ्या, म्हणजे व्होल्टेज वर-खाली झालं तरी करंट तेवढाच राहतो. २४ व्होल्ट आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर असली की तूट ०.२ व्होल्टवर येते. पंखा-पंप १२ व्होल्टचे असतील तर व्होल्टेज उतरवणारा एक छोटा बक कन्व्हर्टर पुरतो.

कंट्रोलर, म्हणजे पॅनेलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं उपकरण, एमपीपीटी प्रकारचाच हवा; तो पॅनेलला पूर्ण ताकदीच्या व्होल्टेजवर चालवतो. ५५० वॉटचं पॅनेल साधारण ४१-४२ व्होल्टवर पूर्ण ताकद देतं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या २७ व्होल्टपर्यंत खाली ओढतो आणि १३ अँपिअरच्या हिशेबाने ३५० वॉटच मिळतात. २४ व्होल्टवर ३० अँपिअरचा एमपीपीटी या पॅनेलला पुरेसा आहे. पुढे दुसरं पॅनेल सिरीजमध्ये जोडण्याचा मोह झाला तर आधी उघड्या सर्किटचं व्होल्टेज तपासा. एकाचं ५० म्हणजे दोघांचं १००, आणि थंड पहाटे ते आणखी पाच टक्क्यांनी चढतं. १०० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर अशा सकाळी जळतो, आणि हे नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत, ४० अँपिअरचा डीसीसाठीचा फ्यूज आणि कंट्रोलरपर्यंत किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर. घरातला एसीचा एमसीबी (आपोआप तुटणारा स्विच) इथे चालत नाही, कारण डीसीचा करंट एसीसारखा शून्यावर येत नाही आणि ठिणगी त्याच्या आत जळतच राहते.

दुसरी जोडणी: बॅटरी आणि इन्व्हर्टर

इन्व्हर्टर बॅटरीची डीसी वीज एसीत बदलतो. दिवा, पंप, टायमर आधीच घरात असतील आणि ते एसीवर चालणारे असतील तर हा सोपा रस्ता. बदलायचं काही नाही, प्लग लावला की झालं. किंमत मात्र विजेत मोजावी लागते. एक किलोवॉटचा इन्व्हर्टर भार नसतानाही १०-२० वॉट खातो. १५ धरले तर दिवसाला ३६० वॉट-तास, म्हणजे आपल्या पंख्याच्या दिवसभराच्या खर्चाच्या तिप्पट. रूपांतरातली घट वेगळी. १६८० ची गरज २१५० च्या वर जाते आणि ५०० वॉटऐवजी ६४० वॉटची पॅनेलं लागतात.

म्हणून इन्व्हर्टर भाराच्या मानाने घ्या. इथे ३०० वॉटचा पुरतो. तो प्युअर साइन वेव्हच असावा, म्हणजे मेन लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा. मॉडिफाइड साइन वेव्हवर पंखे गुरगुरतात, काही टायमर चुकीची वेळ दाखवतात आणि एलईडी ड्रायव्हर नेहमीपेक्षा जास्त तापतो. मोटरचा पंप असेल तर सुरू होतानाचा झटका चालू भाराच्या तीन ते सहापट धरा. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या ‘लोड’ टर्मिनलवर कधीही लावू नका. त्याची जागा थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह.

एक गोष्ट हमखास राहून जाते. पाण्याजवळ एसी आहे म्हणून आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला जातो, पण इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसेल तर तो ट्रिपच होत नाही. न्यूट्रल जोडता येतो का, हे त्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत बघा आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

तिसरी जोडणी: ग्रिडला बांधलेली

दिवसा पॅनेल ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, वीज देतं, रात्री दिवा ग्रिडवरून घेतो. बॅटरी नाही, तिची झीज नाही, आणि ढगाळ आठवड्यातही रोपांना पूर्ण उजेड. फळझाडं किंवा तीन-चार फळ्या चालवायच्या असतील तर आमच्या मते दुसरा शहाणा पर्याय नाही. मात्र इथे ‘घरी जोडलं’ ही मुभा संपते. वीज कंपनीची परवानगी, मान्यताप्राप्त इन्व्हर्टर आणि परवानाधारक माणूस लागतोच. परत दिलेल्या विजेचा मोबदला कसा मिळतो हे नियमानुसार बदलतं, ते आधी विचारून घ्या.

ग्रिड गेली की हा इन्व्हर्टरही थांबतो, डोक्यावर ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्यांच्या जिवासाठी ते तसंच हवं. पण एनएफटी पद्धतीत रोपं मातीशिवाय पन्हळीत वाढतात आणि त्यांच्या मुळांखालून पाण्याचा पातळ थरच वाहत असतो. उकाड्यात पंप तास-दोन तास बंद राहिला तरी मुळं सुकायला लागतात. पंप आणि हवेचा पंप एका छोट्या १२ व्होल्ट बॅटरीवर वेगळे ठेवा. दिवा रात्रभर बंद राहिला तर काही बिघडत नाही.

बॅटरी आणि दिव्याची वेळ

दिवा सकाळी ७ ते रात्री ११ ठेवला तर मधले सातेक तास तो थेट पॅनेलवर चालतो. बॅटरीकडून ९ तासांचे ८१० आणि पंखा-पंपाचे १७०, असे ९८० वॉट-तास लागतात. हाच दिवा रात्री लावला तर जवळपास सगळा भार बॅटरीवर येतो. उकाड्यात खोली थंड ठेवायला रात्रीचा दिवा बरा वाटतो, कारण त्याचे ९० वॉट शेवटी उष्णताच होतात. पण त्याची भरपाई जास्त मोठ्या बॅटरीने करावी लागते.

२५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरली तरी २०४८ वॉट-तास देते. तेवढ्यासाठी लेड-ॲसिडच्या १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या दोन लागतात आणि निम्म्यावर थांबायचं म्हटलं तर १८०० मिळतात. पहिल्या खर्चात लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण रोजच्या वापरात ती आधी थकते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे बंद ग्रो टेंटमध्ये (रोपं वाढवायच्या तंबूत) ती ठेवायचीच नाही. लिथियमची अट वेगळी: शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये.

ढगाळ दिवशी पॅनेल नेहमीच्या दहा ते पंचवीस टक्केच देतं. डीसी किंवा इन्व्हर्टर निवडणाऱ्याने दिवा मंद करता येणारा घ्यावा. तो निम्म्यावर आणला की प्रत्येक वॉटमागे उजेड थोडा जास्तच मिळतो, आणि पालेभाजी दोन-तीन दिवस त्यावर तगते. नुकतं उगवलेलं रोप मात्र उंच, लुकडं होऊन आडवं पडतं, म्हणून रोपवाटिकेच्या फळीसाठी बॅटरी दोन दिवसांची धरा.

एका फळीपर्यंत पहिली जोडणी घ्या. एसी उपकरणं आधीच असतील आणि ती बदलायची नसतील तर दुसरी, पण लहान इन्व्हर्टरसह. त्याहून मोठं काही असेल तर तिसरी, आणि पंपासाठी वेगळी बॅटरी. कोणतीही निवडा, कंट्रोलर आणि फ्यूज टेंटच्या बाहेर बसवा. आतल्या दमटपणाने टर्मिनलवर हिरवट थर धरतो, तिथला रोध वाढतो आणि तेवढीच जागा तापायला लागते. महिन्यातून एकदा, दिवा लावून अर्धा तास झाल्यावर, प्रत्येक जोडाच्या प्लास्टिकच्या आवरणाला बाहेरून हात लावून पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर आधी पॅनेल आणि मग बॅटरी सोडवून तो जोड कापा आणि वायरच्या टोकाला नवीन लग (धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून, बसवा.