मिनॅक थिएटर: ओल्या सिमेंटवरची नक्षी

साइट सुपरवायझर म्हणून ३० वर्षं काढली, त्यामुळे नाटकाला गेलो तरी माझी नजर आधी बांधकामावर जाते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोच्या कड्यावरचं हे खुलं थिएटर लेकीने दाखवलं. कड्यावरून बाकांच्या ओळी टप्प्याटप्प्याने खाली उतरतात, तळाशी दगडी रंगमंच आणि त्याच्या मागे थेट समुद्र.

बाकांच्या पाठींवर नाटकांची नावं आणि सालं कोरली आहेत. जवळच्या खांबावर गोफ विणावा तशी नक्षी होती. दगडातलं काम समजून बोट फिरवलं, तर ते चक्क सिमेंट! ज्यांनी हे थिएटर उभारलं त्या रोवेना केडबाईंनी सिमेंट ओलं असतानाच जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ही नक्षी काढली. ओल्या गिलाव्यावर हात चालवलेल्याला यातली गोम कळेल. घाई केली तर कडा ढासळते, उशीर झाला तर ओरखडाही उठत नाही. मी त्या खांबापाशी बराच वेळ उभा होतो.

पहिलं नाटक १९३२ साली झालं, शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’. उजेडाला बॅटऱ्या आणि मोटारींचे दिवे होते. त्या वेळी केडबाईंचे माळी बिली रॉलिंग्ज हाताने ग्रॅनाइट फोडून बसवायचे. पुढे ग्रॅनाइट परवडेना, म्हणून सिमेंट आलं. वाळू मात्र बाई खालच्या किनाऱ्यावरून स्वतःच्या पाठीवर वाहून आणायच्या, आणि वयाची ऐंशी उलटली तरी त्यांचं काम चालूच होतं. समुद्राची वाळू आम्ही आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, लावत नाही, मिठाने सळई गंजते. पण इथली बाकं खडकावरच टेकलेली, त्यामुळे निभावून गेलं असावं. डोक्यावर घमेली घेऊन चढणाऱ्या बायका मी रोज पाहिल्या आहेत. तरी तो किनारा आणि तो चढ पाहून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर वरच्या ओळींची तिकिटं काढा. बसायला उशी आणि अंगावर रेनकोट हवाच, छत्री चालत नाही. मागच्यांना दिसायला हवं ना, मला ते पटलं.

खालच्याच किनाऱ्यावर १८७० मध्ये मुंबईशी जोडणारी समुद्राखालची तार येऊन पोहोचली होती. हे कळल्यावर ती वाळू मला एकदम ओळखीची वाटली. नाटकाच्या तासभर आधी जा आणि बाकांवरची सालं वाचत हळूहळू खाली उतरा.